पाण्याखालच्या शेतावर आकाशातून नजर

आमच्या यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा रंग. ड्रोन मात्र आता इकडे परका राहिलेला नाही. कपाशीवर फवारणी करणारे हे यांत्रिक पाखरू पिकाची छायाचित्रेही घेते आणि पान कोठे पिवळे पडले, ते दाखवून देते. हीच युक्ती समुद्राखालच्या शेतालाही लागू पडते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

असे एक शेत मालवणला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात. १९८७ साली तेथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. प्रवाळ दिसतो दगडासारखा. पण ती असते चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवले त्यांना अन्न पुरवितात आणि रंगही देतात. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की ही शैवले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी वेळेवर निवले नाही, तर तो उपासमारीने मरतो. जगभर अशी लाट आल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ साली जाहीर केले.

हा पांढरेपणा वरून टिपता येतो. त्यासाठी पाणी नितळ, वारा पडलेला, ओहोटी लागलेली आणि ऊन कलते हवे. मग ड्रोन ठरावीक उंचीवरून एकमेकांवर थोडी चढणारी शेकडो छायाचित्रे घेतो. ती जोडली, की नकाशा तयार होतो. पुढच्या वर्षी त्याच जागेचा नकाशा शेजारी ठेवावा. काय गेले, काय उरले, ते उघड होते.

अर्थात, ड्रोनची दृष्टी उथळ पाण्यापुरतीच. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेला आंग्रिया बँक हा प्रवाळप्रदेश सुमारे वीस मीटर खोलीवर सुरू होतो. तेथे पाणबुड्यालाच उतरावे लागते. मालवणातही त्याच्यावाचून भागत नाही. वरून कीड कळली, तरी शेतकरी पान उलटून पाहतोच ना?

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे नांगर जमिनीत उतरतो तो पेरणीच्या आशेने. नावेचा नांगर प्रवाळावर पडला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. नाव बांधायला पाण्यावर तरंगते बोये असले, तर तो टाकावाच लागत नाही. ते बोये कोठे हवेत, हे ड्रोनचा नकाशा सांगू शकेल. ते बसवायचे काम मात्र आपले आहे.