कंठसाधना

कंठसाधना : गायनासाठी कंठ सिद्ध व्हावा, म्हणून नियमाने, क्रमाक्रमाने व दीर्घकाळ करावयाचा आवाजाचा अभ्यास. स्वर अचूक लागणे, तो इच्छेनुसार टिकविता व लहानमोठा करता येणे, मंद्र, मध्य व तार या तिन्ही सप्तकांत आवाज सलग फिरणे आणि दीर्घ गायनानंतरही तो न थकणे, ही या साधनेची उद्दिष्टे होत. रियाज ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत राग, ताल, बंदिशी इत्यादींचाही अभ्यास येतो. कंठसाधना हा त्याचा पाया होय. जोर लावल्याने आवाज वाढतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात अनावश्यक ताण हळूहळू कमी होत गेल्याने कंठ तयार होतो आणि त्यास अनेक वर्षांचा अवधी लागतो.

शास्त्रविचार : देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर (तेरावे शतक) या ग्रंथात या विषयाचा परामर्श घेतला आहे. मंद्र नाद हृदयात, मध्य कंठात व तार मूर्धेत उत्पन्न होतो, असे त्याने म्हटले आहे. गायकाचे पंचवीस दोष त्याने सांगितले असून त्यांत दात आवळून गाणे, भीतभीत गाणे, आवाज कापणे, तोंड विक्राळ पसरणे, कावळ्यासारखा कर्कश आवाज काढणे, मान वाकडी करणे, नाकातून गाणे इत्यादींचा समावेश होतो. यांतील बरेच दोष ताणाचेच प्रकार आहेत. अभ्यासावाचूनही राग व्यक्त करण्याचे जे सामर्थ्य काही आवाजांत असते, त्यास त्याने ‘शारीर’ म्हटले आहे. अशी देणगी थोड्यांनाच लाभते; इतरांना साधनेचाच मार्ग उरतो.

आवाजाची निर्मिती : फुप्फुसांतून येणाऱ्या हवेच्या दाबाने स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू कंप पावतात व मूळ ध्वनी निर्माण होतो. घसा, मुख व नाक यांच्या पोकळ्यांत त्यास अनुनाद मिळून आवाजाला त्याचा विशिष्ट गुण प्राप्त होतो. स्वरतंतूंची लांबी प्रौढ पुरुषांत सु. १७ ते २५ मिमी., तर स्त्रियांत सु. १२ ते १७ मिमी. असते. ते ताणले गेले की स्वर चढतो. सेकंदास ४४० कंपनांचा स्वर गाताना हे तंतू सेकंदात ४४० वेळा एकमेकांवर आदळतात. श्वासाचे नियमन नसताना केवळ दाब वाढविला, तर हा आघात तीव्र होतो व तंतू सुजतात. गाणाऱ्या व्यक्तीचे स्वरयंत्र आरशाच्या साह्याने पाहण्याची पद्धत १८५४ मध्ये प्रचारात आणणारा मान्वेल गार्सीआ (१८०५–१९०६) हा स्वतः गायनशिक्षक होता.

श्वास, स्वरतंतू व अनुनाद यांचा मेळ घालणारे स्नायू सूक्ष्म असून त्यांतील बहुतेकांची हालचाल गायकास प्रत्यक्ष जाणवत नाही. ती कानाच्या मार्गदर्शनाने, पुनरावृत्तीतून अंगवळणी पडते. घाईने केलेल्या अभ्यासात चुकीची हालचालही तितकीच पक्की होते आणि ती मोडण्यास शिकण्यापेक्षा अधिक काळ लागतो.

साधनेचा क्रम : परंपरेने पहाटे तंबोऱ्यावर मंद्र सप्तकातील स्वरांचा अभ्यास करतात, यास खर्ज भरणे म्हणतात. मंद्रात जोर लावून काही साधत नाही, त्यामुळे गळा सैल ठेवण्याची सवय लागते. त्यानंतर मध्य षड्ज आकारात लावून एका श्वासात एकसारखा धरणे, तो बारीक सुरू करून वाढविणे व पुन्हा बारीक करणे, मग आरोह-अवरोह, अलंकार व पलटे प्रथम विलंबित आणि नंतर द्रुत लयीत घोटणे, असा क्रम असतो. तार स्वरांकडे शेवटी वळतात. स्वर किंचित ढळला, तरी तंबोऱ्याच्या नादाशी त्याचा विसंवाद कानास जाणवतो. म्हणून तंबोरा हा या साधनेतील परीक्षकच होय. नवशिक्याने एकाच बैठकीत तासन् तास गाण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन बैठका करणे अधिक हितकर असते.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) व त्यांचे शिष्य सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्या परंपरेत स्वर लावण्याच्या साधनेस अग्रस्थान आहे. याउलट, अतिश्रमाचा परिणाम अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या चरित्रात दिसतो. संस्थानी दरबारातील सततच्या गायनाने त्यांचा आवाज बसला व तो पूर्वीसारखा परतला नाही. बदललेल्या आवाजास अनुरूप अशी गायकी त्यांनी घडविली, असे सांगितले जाते. तीच पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आदी शिष्यांनी कीर्तीस नेली.

लोकपरंपरेतील कंठ : घराण्यांबाहेरही कंठावर मोठा भार टाकणाऱ्या गायनपरंपरा आहेत. रायगड जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या महाड व पोलादपूर तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. वारकरी भजन, हरिनाम सप्ताह, कीर्तन, पोवाडा व जाखडी हे येथील गायनाचे प्रकार होत. ते बहुधा रात्री, उघड्यावर वा देवळाच्या मंडपात, टाळ, मृदंग, ढोलकी यांच्या घोषात चालतात. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याचे काम केवळ गळ्याचे होते. उंच पट्टीत गाण्याची प्रथा त्यातूनच दृढ झाली असावी, कारण उंच स्वर वाद्यांच्या कोलाहलातून वेगळा ऐकू येतो.

या प्रकारांच्या रचनेतच गळ्याच्या विश्रांतीची सोय आढळते. पोवाड्यात मुख्य शाहिराने कडवे म्हटल्यावर झीलकरी ध्रुपद उचलतात व तेवढ्यात शाहिरास श्वास घेता येतो. तानाजी मालुसरे यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यात असून त्यांच्या पराक्रमावरील तुलसीदासाचा पोवाडा या परंपरेतील प्रसिद्ध रचना होय. भजनात बुवाने म्हटलेले चरण टाळकरी उचलतात. अखंड सप्ताहात पहारे बदलतात. ही वाटणी मोडून एकाच गायकावर सारा भार पडला किंवा सर्वांनीच बुवाच्या पट्टीत ओरडून साथ केली, की सप्ताहाअखेर घसे बसतात. पुरुषांच्या पट्टीत स्त्रियांनी, किंवा स्त्रियांच्या पट्टीत पुरुषांनी गाण्याचा आग्रह हेही आवाज बिघडण्याचे एक कारण आहे. ध्वनिक्षेपकाने जोर लावण्याची गरज संपविली आहे, परंतु सवय मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

महाड तालुक्यातील शिवथर घळ येथे समर्थ रामदासांनी दासबोध रचला, असे परंपरेने मानले जाते. या ग्रंथात कीर्तनाची लक्षणे स्वतंत्र समासांत आली आहेत. परंतु साधनेच्या दृष्टीने त्यातील लेखनक्रियेचा समास (दशक १९, समास १) अधिक उद्बोधक ठरतो. ग्रंथातील पहिले अक्षर जसे, तसेच शेवटचे असावे, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. रात्रीच्या पहिल्या अभंगातील स्वर आणि पहाटेच्या भैरवीतील स्वर सारख्याच सहजतेने लागणे, हीच कंठसाधनेचीही कसोटी होय.

वय व आरोग्य : वयात येताना मुलांचा आवाज सु. एक सप्तक खाली उतरतो. मुलींच्या आवाजातही लहानसा बदल होतो. या काळात गायन बंद करण्याचे कारण नसते. मात्र उंच स्वर व जोर टाळून मर्यादित पल्ल्यात गाणे श्रेयस्कर. पूर्वीच्याच पट्टीचा आग्रह धरल्याने चांगले बालगायक पुढे गायनास मुकण्याचा धोका असतो.

ज्येष्ठमध, खडीसाखर इत्यादींनी घशास आराम वाटतो. तथापि गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर नव्हे. पुरेसे पाणी पिणे, धूम्रपान व तंबाखू टाळणे आणि आवाज बसला असता मौन पाळणे, हे उपाय अधिक महत्त्वाचे होत. बसलेल्या आवाजाने ओरडून गात राहिल्यास स्वरतंतूंच्या पुढील व मधल्या तृतीयांशांच्या संधीवर गाठी येतात. वेळीच विश्रांती घेतल्यास व गाण्याची रीत सुधारल्यास त्या बहुधा शस्त्रक्रियेवाचून कमी होतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिल्यास घशाच्या तज्ञाकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. गाऊन झाल्यावर गळा दुखत असेल, तर तो साधनेचा पुरावा नसून रीत चुकत असल्याची खूण समजावी.