रत्नागिरीच्या स्वयंपाकघरातील चूल : एक मागोवा

रत्नागिरी जिल्ह्यातील स्वयंपाकघराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः विस्तवाच्या बदलत गेलेल्या व्यवस्थेचा इतिहास असून त्याच्या केंद्रस्थानी मातीची चूल आहे. महाराष्ट्रात घरगुती चुलीची परंपरा ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे नेता येते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात घरांच्या आत चुली आणि विस्तवाचे खळगे आढळले. उत्तरेकडील तंदूर, म्हणजे ज्याच्या तापलेल्या आतल्या भिंतीला रोटी चिकटवून भाजतात ती मातीची भट्टी, कोकणातील घरांत रुजली नाही आणि गोव्यातील पोदेरांची, म्हणजे पाववाल्यांची, भट्टीही घरगुती स्वयंपाकाचा भाग झाली नाही, कारण भात, पेज आणि कालवण यांना भांड्याखालचा जाळ लागतो.

ही चूल बहुधा घरातल्या बायकाच घालत. जांभ्याची भरड माती एकसंध राहत नसल्याने वारुळाची किंवा शेतातली चिकण माती आणून, तीत भाताचे तूस आणि शेण मिसळून ती तुडवीत, आणि भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे ठेवून चुलीला आकार देत. मुख्य चुलीच्या अंगाला वैल जोडलेला असे. वैल म्हणजे ज्यात स्वतंत्र लाकूड न घालता आतल्या भोकातून येणाऱ्या धगीवरच पदार्थ शिजतो ते दुसरे तोंड. जळणासाठी माडाच्या वाळलेल्या झावळ्या, सोडणे (नारळाची वरची साले), करवंट्या, काटक्या आणि शेणी वापरत, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात हे सारे मृगापूर्वी पडवीत किंवा मांगरात (साठवणीच्या खोपीत) कोरडे रचून ठेवणे हे वर्षाच्या कामांतले एक मोठे काम होते.

या पद्धतीचे खरे कौशल्य जाळ करण्यापेक्षा जाळ ओसरल्यावरची धग वापरण्यात होते. पहाटे राखेखाली पुरलेला विस्तव फुंकणीने फुलवायचा, भरल्या जाळावर भात चढवायचा, उकळी आलेले कालवण वैलावर सरकवायचे, तांदळाची भाकरी तव्यावरून काढून पुढे ओढलेल्या निखाऱ्यांशी उभी धरून फुगवायची, दूध दुपारभर मंद आचेवर ठेवायचे आणि उरल्या ऊबदार राखेत आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, भाजायला टाकायच्या, असा एकाच विस्तवाचा उतरता क्रम दिवसभर चाले. धोंडस हा या क्रमाचा सर्वोत्तम नमुना मानावा लागेल. जून तवसे, म्हणजे मोठी पिकलेली काकडी, किसून तिच्या सुटलेल्या पाण्यातच गूळ विरघळवतात, त्यात तांदळाचा भाजलेला रवा आणि खोबरे घालून शिजवतात आणि ते मिश्रण तूप लावलेल्या जाड बुडाच्या भांड्यात थापतात. मग भांडे निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरतात, त्यामुळे वरखाली सारखी खरपूस कड धरते आणि मधला भाग ओलसर राहतो. भट्टी नसलेल्या घरांनी भट्टीचे काम चुलीकडूनच करवून घेतले होते.

धुराचाही उपयोग होता. चुलीवरच्या माळ्यावर आणि शिंक्यांत ठेवलेले सुके मासे, आमसुले आणि मिरच्या पावसाळ्यातही दमट होत नसत, आणि वासे-रिपांवर बसणारे काजळीचे थर लाकडाला किडीपासून जपत. पण हाच धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, ही गोष्ट चुलीच्या कौतुकात नेहमी मागे पडते. ज्या जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत चाकरमानी म्हणून गेले, तेथे लाकूड तोडणे, वाहणे, सुकवणे आणि धुरात बसणे हे सारे मागे राहिलेल्या बायकांच्याच वाट्याला आले.

चुलीच्या सुधारणेचे प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४० च्या दशकात मगन चूल पुढे आली आणि केंद्र सरकारने १९८० च्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, जो २००२ मध्ये बंद झाला. या चुलींच्या नळीतून धूर बाहेर गेला खरा, परंतु काजळीने भरणारी नळी वरचेवर साफ करावी लागे, आणि ठरावीक मापाची भोके घरातल्या लहानमोठ्या भांड्यांना जुळत नसत. दरम्यान रॉकेलचा स्टोव्ह आला. मुंबईत १९५५ मध्ये बर्मा-शेलने घरगुती गॅसची विक्री सुरू केली असली तरी रत्नागिरीच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांपर्यंत सिलिंडर पोहोचायला कित्येक दशके गेली, आणि गरीब घरांत तो मुख्यतः २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून आला. पुन्हा भरण्याचा खर्च परवडत नाही तेथे आजही गॅस आणि चूल शेजारी शेजारी चालतात. अंघोळीचे पाणी आणि उकडे तांदूळ यांसाठी मागीलदारची चूल अजून पेटते.

मुंबई-गोवा महामार्गावर ‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या अलीकडे पुष्कळ दिसतात. तेथे बहुतेक ठिकाणी मोठा जाळ असतो, परंतु निखाऱ्याचा संयम क्वचितच असतो, आणि म्हणून त्या जेवणाला धुराचा वास लाभला तरी वैलावर तासन्‌तास मुरलेल्या कालवणाची चव लाभत नाही. कोणत्या मातीला भेगा पडत नाहीत, वैलाचे भोक किती रुंद ठेवायचे, धोंडसावरचे निखारे केव्हा उतरवायचे, याचे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्या पिढीतील बायका आज वृद्ध झाल्या आहेत, आणि पाककृतींच्या पुस्तकांत पदार्थांची मापे नोंदली गेली तरी विस्तवाची मापे मात्र फारशी कोणी लिहून ठेवलेली नाहीत.