चिखलफेक गाजते, मत कुठं पडतं?

वाटूर फाट्यावरून मंठ्याला जा नाहीतर परतूरला, राष्ट्रपतिपदाच्या प्रचाराचा भोंगा इथं कधी वाजलेला नाही. या भागाच्या वतीनं परतूरचा आमदार एक मत टाकतो. त्याचं मूल्य १७५. मतदान गुप्त, व्हीप लागू नाही. इतके मोजके मतदार असूनही २००७ साली चिखलफेक झालीच. प्रतिभाताई पाटलांच्या विरोधात सहकारी बँक आणि साखर कारखान्यावरच्या आरोपांची पुस्तिका भाजपनं काढली, आणि भाजपचीच मित्र असलेली शिवसेना मराठी उमेदवार म्हणून ताईंच्या मागे उभी राहिली. ताईंना ६,३८,११६ मूल्याची मतं, त्यांच्या विरोधातल्या भैरोंसिंह शेखावतांना ३,३१,३०६. पुस्तिकेनं कुणाचं मत फिरलं असेल, तर आकड्यांत ते दिसत नाही.

अमेरिकेत चिखलफेकीचा आणि टीव्ही चर्चांचा उद्योग मोठा. १९६० ची केनेडी-निक्सन चर्चा, १९६४ ची फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीची जाहिरात, असे दाखले सगळे देतात. पण दहा देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही चर्चा तपासणाऱ्या अभ्यासकांना चर्चांमुळे मतं हलल्याचं काही आढळलं नाही. अपवाद घडतो. जून २०२४ च्या चर्चेनंतर बायडेन यांना महिनाभरात माघार घ्यावी लागली, मात्र त्यांच्या वयाची कुजबुज आधीपासूनच होती.

महाराष्ट्रातलं सर्वांत झणझणीत उदाहरण २०१९ च्या लोकसभेचं, ‘लाव रे तो व्हिडिओ’. मनसेचे राज ठाकरे भाषण थांबवायचे, पडद्यावर मोदींची जुनी आश्वासनं लागायची. सोलापूरच्या सभेत तर सरकारी जाहिरातीत हरिसाल या ‘डिजिटल गावा’तला लाभार्थी म्हणून झळकलेल्या तरुणालाच त्यांनी मंचावर उभं केलं. जाहिरातीतला माणूस जाहिरात खोटी पाडतोय! अशी सभा मराठी माणूस विसरत नाही. निकाल काय? भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा. सोलापुरात काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे पडले, नांदेडात अशोक चव्हाण पडले. सभा दोन्हीकडे दणक्यात झाल्या होत्या. माझ्या मते घोळ साधा होता. मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता. ऐकणाऱ्याचा राग पेटला तरी तो कुठल्या चिन्हावर उतरवायचा?

उलट २०१४ च्या विधानसभेला ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा’ ही भाजपची जाहिरात चालली. पंधरा वर्षांच्या आघाडी सरकारला लोक आधीच विटले होते, आणि दाबायला कमळ समोर होतं. जाहिरातीनं राग निर्माण केला नाही, त्याला वाचा फोडली. (तिची टिंगलही तितकीच झाली, नंतर विरोधकांनी हेच वाक्य भाजपच्या तोंडावर मारलं.)

२०२४ ला वाटूरकरांनी सहा महिन्यांत चिखलफेक चालताना आणि फसताना, दोन्ही पाहिलं. गाव जालना जिल्ह्यातलं, पण लोकसभेला परभणीत मोडतं. तिथं महायुतीच्या महादेव जानकरांविरुद्ध ‘बाहेरचा उमेदवार’ ही टीका आणि ‘संविधान बदलणार’ ही भीती जोरात होती. त्याआधी याच जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झालेला. आघाडीचे संजय जाधव सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले, आणि मराठवाड्यातल्या आठपैकी एकच जागा महायुतीला मिळाली. फडणवीसांनी या प्रचाराला ‘फेक नॅरेटिव्ह’ म्हटलं. खरं-खोटं काहीही असो, सल आधीपासून होता.

मग विधानसभा आली. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात भाव त्याहून खाली. शिंदे गटाच्या आमदारांवरचं ‘पन्नास खोके’ अजून घुमत होतं, समोरून भाजपचं ‘बटेंगे तो कटेंगे’. लोकसभेच्या हिशेबानं सरकार पडायला हवं होतं. पण जुलैपासूनचे सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये, दिवाळीआधीच खात्यात जमा झाले होते. योजनेवर तोंडसुख घेणाऱ्या आघाडीनंही जाहीरनाम्यात महिन्याला ३,००० कबूल केले, महायुतीनं २,१००. खोके, गद्दार, बटेंगे सगळं मागे पडून लिलावासारखी बोली लागली. ज्यांनी पैसे आधीच दिले होते त्यांना २३० जागा मिळाल्या, जालना जिल्ह्यातल्या पाचही त्यांच्याच.