दोन एएस/४०० मधली फाइल: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा मध्यम आकाराचा व्यावसायिक संगणक जाहीर केला. पुढे त्याचे नाव आयसिरीज झाले, मग सिस्टिम आय झाले. २००८ पासून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम ‘आयबीएम आय’ या नावाने पॉवर सर्व्हरवर चालते. जुनी मंडळी मात्र आजही ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. बँका, विमा कंपन्या, गोदामे आणि कारखाने यांचे हिशेब त्यावर चालतात, आणि परदेशी ग्राहकांच्या अशा यंत्रांची देखभाल करणारे लोक पुण्या-मुंबईतही आहेत. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर नेणे हे त्यांचे रोजचे काम. रोजचे असल्यामुळे त्याबद्दल काही समज पक्के होऊन बसतात आणि त्यांची किंमत महिनाअखेरीच्या हिशेबात मोजावी लागते.

गैरसमज १: एफटीपीने फाइल पाठवली की ती जशीच्या तशी पलीकडे उभी राहते.

वस्तुस्थिती: या प्रणालीत प्रत्येक गोष्ट ‘ऑब्जेक्ट’ असते. डेटाबेस फाइल म्हणजे नुसत्या नोंदी नव्हेत. कोणता रकाना कुठे सुरू होतो, किती लांबीचा आहे, आकडा आहे की मजकूर, ही व्याख्याही त्याच ऑब्जेक्टचा भाग असते. एफटीपी (नेटवर्कवरून फाइल नेण्याचा प्रोटोकॉल) फक्त नोंदी नेते. पलीकडे त्याच रचनेची फाइल आधीपासून असेल तर काम होते. नसेल तर एफटीपी स्वतःच एक सपाट फाइल तयार करते. तिच्यात नोंदी येतात, पण रकाने नसतात. व्याख्येसकट न्यायचे असेल, तर ऑब्जेक्ट आधी ‘सेव्ह फाइल’मध्ये सेव्ह करायचे, ती सेव्ह फाइल पाठवायची आणि पलीकडे रिस्टोअर करायचे. पलीकडे रिकामी सेव्ह फाइल आधीच तयार करून ठेवावी आणि पाठवताना बायनरी मोडच वापरावा.

गैरसमज २: दोन्हीकडे एकाच जातीची यंत्रे आहेत, मग मोड कोणताही चालेल.

वस्तुस्थिती: एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीतून शिकून ते एमआयटीत गेले होते. त्या काळापासून एफटीपीला निरनिराळ्या जातींची यंत्रे जोडायची होती, म्हणून १९८५ च्या प्रमाणित आवृत्तीतही सर्वांना समान असा आस्की मोडच मूळ मोड आहे. एएस/४०० मात्र आतून एब्सिडिक ही संकेतप्रणाली वापरते. मोड बदलला नाही, तर निघताना एब्सिडिकचे आस्की होते आणि पोचल्यावर आस्कीचे पुन्हा एब्सिडिक.

साधा मजकूर या दोन फेऱ्यांतून बहुधा सुखरूप बाहेर येतो. ‘पॅक्ड डेसिमल’ आकडे येतीलच असे नाही. या पद्धतीत एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असते. उणे १२३४० ही रक्कम तीन बाइटांत १२, ३४, ०डी अशी साठवली जाते. शेवटचा ‘डी’ म्हणजे उणे. आता पुढचा रकाना २५ या अंकांनी सुरू होत असेल, तर ०डी आणि २५ हे बाइट शेजारी येतात. एब्सिडिकमध्ये नेमका हाच जोड म्हणजे ‘ओळ संपली’. आस्की मोड त्याला ओळीचा शेवट समजतो, नोंद मधेच तुटते आणि तिथून पुढचे रकाने सरकतात. आधीच्या हजारो नोंदी ठीक असतात आणि एकाच ग्राहकाच्या येणे रकमेपाशी प्रोग्रॅम ‘डेसिमल डेटा एरर’ देऊन थांबतो. दोष शोधणारा प्रोग्रॅम तपासत बसतो, कारण चाचणीच्या डेटात तो जोड आलेलाच नसतो. म्हणून आकडे असलेली फाइल या दोन यंत्रांमध्ये बायनरीतच पाठवावी.

गैरसमज ३: सेव्ह फाइल गेली म्हणजे सगळे गेले.

वस्तुस्थिती: तीन गोष्टी मागे राहू शकतात.

पहिली, वापरात असलेली ऑब्जेक्ट्स. लायब्ररी सेव्ह करताना एखादी फाइल दुसऱ्या जॉबने अडवून धरली असेल, तर ती वगळली जाते. शेवटच्या संदेशात किती ऑब्जेक्ट्स सेव्ह झाली आणि किती झाली नाहीत हे लिहिलेले असते. तो संदेश वाचायलाच हवा.

दुसरी, आवृत्ती. आयबीएम आय ७.५ वर नेहमीच्या पद्धतीने केलेला सेव्ह ७.४ वर रिस्टोअर होत नाही. सेव्ह करतानाच ‘टार्गेट रिलीज’ या पॅरामीटरमध्ये पलीकडची आवृत्ती द्यावी लागते. जुन्याकडून नव्याकडे जाताना ही अडचण येत नाही.

तिसरी, मालकी आणि परवानग्या. मूळ मालकाचे यूजर प्रोफाइल पलीकडे नसेल, तर ऑब्जेक्ट प्रणालीच्या ‘डिफॉल्ट ओनर’च्या नावावर चढते. एकेका यूजरला दिलेल्या खासगी परवानग्या तर साध्या सेव्हमध्ये येतच नाहीत. फाइल समोर दिसते, पण यूजरला उघडता येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

गैरसमज ४: मराठी मजकुराची ही यंत्रे वाट लावतातच.

वस्तुस्थिती: आयबीएम आयला देवनागरी येते. युनिकोडसाठी १२०८ (यूटीएफ-८) आणि १२०० (यूटीएफ-१६) हे सीसीएसआयडी, म्हणजे संकेतप्रणालीचे क्रमांक, आहेत. देवनागरीच्या एब्सिडिकसाठी ११३७ आहे. बिघाड होतो तो रूपांतराच्या टप्प्यावर. एफटीपीचा आस्की मोड मुळात ८१९ हा सीसीएसआयडी धरून चालतो आणि त्यात पश्चिम युरोपीय अक्षरेच आहेत. देवनागरी नाव त्यातून गेले की त्याच्या जागी निरर्थक बदली चिन्हे येतात, आणि हरवलेले अक्षर उलट रूपांतर करून परत मिळत नाही. लांबीचा हिशेबही वेगळा आहे. ‘मराठी’ या शब्दात मात्रांसह पाच युनिकोड चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांना १५ बाइट लागतात, यूटीएफ-१६ मध्ये १०. रकाना इंग्रजी नावांच्या मापाने आखला असेल, तर आडनावाची शेपटी कापली जाणारच.

गैरसमज ५: जॉब नीट संपला म्हणजे फाइल पोचली.

वस्तुस्थिती: हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. रात्रीच्या बॅचमध्ये एफटीपीच्या सूचना एका फाइलमधून दिल्या जातात. पासवर्ड नाकारला गेला, पलीकडची डिस्क भरली किंवा लाइन तुटली, तरी एफटीपी कमांड आपल्या परीने ‘संपते’ आणि बॅच चालवणारा सीएल (कंट्रोल लँग्वेज) प्रोग्रॅम पुढच्या पायरीवर जातो. खरी माहिती एफटीपीच्या आउटपुटमध्ये असते. फाइल पाठवण्याच्या सूचनेला २२६ किंवा २५० हे उत्तर आले तर हस्तांतरण पूर्ण झाले. ४ किंवा ५ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे अपयश. आउटपुट फाइलमध्ये घेऊन प्रोग्रॅमनेच ती वाचावी आणि यशाचा संकेत नसेल तर जॉब थांबवावा. त्यानंतर पलीकडे ‘डिस्प्ले सेव्ह फाइल’ने आतली ऑब्जेक्ट्स पाहावीत, रिस्टोअरनंतर नोंदींची संख्या जुळवावी आणि रकमेच्या एखाद्या रकान्याची बेरीज दोन्हीकडे पडताळावी. नोंदींची संख्या जुळूनही आकडे बिघडलेले असू शकतात. बेरजेत ते बहुधा सापडतात.

गैरसमज ६: आपल्याच नेटवर्कवर आहे, मग साधी एफटीपी पुरे.

वस्तुस्थिती: साध्या एफटीपीत यूजरचे नाव, पासवर्ड आणि डेटा उघडपणे जातो. आतल्या नेटवर्कवर ऐकत बसलेल्या कुणालाही तो वाचता येतो. टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलेली एफटीपी आणि पोर्ट २२ वरची एसएफटीपी दोन्ही या यंत्रावर उपलब्ध आहेत. एसएफटीपीत किल्ल्यांची जोडी वापरता येते, त्यामुळे बॅचच्या सूचनांमध्ये पासवर्ड लिहून ठेवण्याची वाईट सवयही सुटते. थोड्याच नोंदी वरचेवर न्यायच्या असतील, तर डीडीएम फाइल (दूरच्या फाइलकडे निर्देश करणारी फाइल) बनवून थेट पलीकडच्या फाइलमध्ये कॉपी करता येते; तिथेही टीएलएस लावावे.

या सहाही समजांच्या मुळाशी एकच चूक आहे: पाठवणाऱ्याचे काम ‘पाठवले’ इथे संपते असे मानणे. त्या फाइलमध्ये कुणाचा विम्याचा हप्ता असतो, कुणाचा पगार असतो. पलीकडचा प्रोग्रॅम ती फाइल उघडतो, योग्य यूजरला ती वाचता येते आणि दोन्हीकडची बेरीज जुळते, एवढे पाहिल्यावरच काम झाल्याची नोंद करावी. ही तपासणी बॅचमध्येच बसवली, तर ती कुणाच्या आठवणीवर किंवा रात्रीच्या पाळीतल्या जागेपणावर अवलंबून राहत नाही.