व्हॅन्स आणि कोल्हापुरी : पादत्राणांच्या नावांची गोष्ट

मीरा रोड-भाईंदरच्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी कुणी स्केटबोर्ड घेऊन उतरलं, की पोरांची नजर आधी त्याच्या बुटांवर जाते. सपाट रबरी तळ, वर कॅनव्हास, बाजूला वळणदार पट्टी. नाव व्हॅन्स! तुम्ही म्हणाल, व्हॅन म्हणजे तर गाडी. पण तसं नाही हं. चला, जाणून घेऊया.

१६ मार्च १९६६ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे पॉल व्हॅन डोरेन, त्यांचे भाऊ जेम्स आणि दोन भागीदारांनी बुटांचे दुकान उघडले. कारखानाही तिथेच. सकाळी नमुना पसंत करायचा आणि त्याच दिवशी तयार जोड घेऊन जायचा! कंपनीचे नाव 'व्हॅन डोरेन रबर कंपनी'. त्या आडनावातल्या 'व्हॅन'वरून बूट झाले 'व्हॅन्स'. गंमत म्हणजे डच भाषेत 'व्हॅन' म्हणजे 'चा' किंवा 'कडचा'. जवळजवळ आपल्या आडनावांतल्या 'कर'सारखाच.

हे बूट काही स्केटबोर्डसाठी बनवलेले नव्हते. पण जाड रबरी तळामुळे पाय फळीवरून घसरत नसे, म्हणून स्केटबोर्ड खेळणाऱ्या पोरांनीच ते उचलून धरले. मग १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या खेळाडूंच्या सल्ल्याने कंपनीने घोट्याजवळ मऊ गादी असलेला खास बूट काढला.

आता आपल्या कोल्हापुरीकडे या. हे नाव कुणा एका मालकाचे नाही, गावाचे आहे. त्यातही कापशी चप्पल म्हटली की कापशी गाव आलेच. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. म्हणजे नावाचा हक्क तिथल्या सगळ्या कारागिरांचा.

हा हक्क कशाला हवा? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. टीका झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. नाव गाळलं, की चामडं कमावणारे, शिवणारे हातही विसरले जातात.

तर मित्रांनो, आज घरी गेल्यावर दारातल्या चपला-बुटांची नावे वाचा. कुठलं नाव माणसाचं, कुठलं गावाचं? शोधा आणि वहीत लिहा.