आधी कोण, मग कोण?

आमच्या करमाड परिसरात लाइट येणं-जाणं हा रोजच्या बोलण्यातला विषय. रात्री-अपरात्री उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून अनेकांनी स्टार्टरला ऑटो स्वीच बसवलेले. लाइट आली की मोटार आपोआप चालू. एका उन्हाळ्यात आमच्या डीपीवरच्या साऱ्या मोटारी अशाच एकदम चालू झाल्या आणि रोहित्र जळालं. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एकीनं ओढला तर निभतं. सगळ्यांनी एका क्षणी ओढला तर रोहित्र किती सोसणार? नवं येईपर्यंत मोसंबीची फळं गळून पडली. विहिरीत पाणी होतं, मोठ्या लाइनीत वीज होती. चुकला होता फक्त क्रम.

हे दुःख मी पुण्यात मोबाइलसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या भाच्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मामू, आमचाही निम्मा दिवस हेच सांभाळण्यात जातो." मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरी त्यानं सांगितलेलं मला कळलं, म्हणून तुम्हालाही सांगतो.

मोबाइल असो की संगणक, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. हा घरचा कारभारी. कोणतं यंत्र जोडलेलं आहे ते ओळखायचं आणि त्याला हाताळणारा ड्रायव्हर, म्हणजे त्याची भाषा जाणणारा प्रोग्रॅम, कामाला लावायचा, हे त्याचं काम. आपण यूएसबीत माउस खुपसतो तेव्हा त्याला त्याच तारेतून वीज मिळते आणि तो स्वतःच आपली ओळख देतो. दारात येऊन हाक मारणारा पाहुणाच तो.

पण मोबाइलमधली वाय-फायची चिप बोर्डावर कायमची डाख देऊन बसवलेली असते. तिचा वीजपुरवठा कर्नेलच्या हातात. वीज मिळाल्याशिवाय ती ओळख देत नाही. ओळख पटल्याशिवाय ड्रायव्हर येत नाही. आणि वीज चालू करण्याची रीत माहीत असते ती ड्रायव्हरला! कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच राहावी, तशी ही गत.

शिवाय नुसतं बटण दाबून भागत नाही. आधी ठरलेल्या क्रमानं वेगवेगळ्या दाबाची वीज, मग घड्याळाचे ठोके, मग रिसेटची तार सोडायची, थोडं थांबायचं आणि मगच हाक मारायची. हे ठोके बऱ्याचदा सेकंदाला ३२,७६८ असतात. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिकही तेवढेच देतो. क्रम उलटला, चिपला वीज मिळण्याआधीच तिच्या पायांवर सिग्नल गेला, तर करंट भलत्या वाटेनं आत शिरतो. कधी चिप कायमची जाते. बंद करतानाही तोच क्रम, पण बहुधा उलटा.

लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेलं लिनक्स कर्नेल आज अँड्रॉइड फोनांत आहे. बोर्डावर काय कुठं जोडलंय, याचा नकाशा त्याला 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फायलीतून आधीच दिला जातो. २०१५च्या ४.० आवृत्तीत मेमरी कार्डाच्या वाटेनं जोडलेल्या चिपांसाठी वीज देण्याच्या क्रमाची सोय झाली. सर्वांना वापरता येईल अशी स्वतंत्र व्यवस्था मात्र सप्टेंबर २०२४मध्ये, ६.११ आवृत्तीत आली.

तिची गरज का पडली? वाय-फाय आणि ब्लूटूथ अनेकदा एकाच चिपमध्ये राहतात, वीजही एकच. पण ड्रायव्हर दोन, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. एकानं निघताना वीज बंद केली तर दुसरा अंधारात. क्वालकॉमच्या एका चिपमध्ये तर दोघांना जागं करताना मध्ये १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, थांबावं लागतं. आता ही जबाबदारी तिसऱ्याकडे आहे. वीज किती जण वापरताहेत याची तो मोजदाद ठेवतो आणि शेवटचा निघाला की दिवा मालवतो.

भाचा गेल्यावर मी डीपीवरच्या मंडळींना गोळा केलं. ऑटो स्वीच काढायला कुणी तयार होईना. शेवटी प्रत्येकानं टायमर लावायचा ठरलं: लाइट आल्यावर पहिल्याची मोटार एका मिनिटानं, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, असं पुढे. पहिला नंबर कुणाचा, यावर मात्र दोन बैठका गेल्या. एवढ्याशा चिपमध्ये हा वाद मिटायला इतकी वर्षं का लागली, ते मला तेव्हा उमगलं.