पाळणे घटले, गैरसमज वाढले

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं नेकनूर हे बीड तालुक्यातलं बाजारपेठेचं मोठं गाव. आठवडी बाजाराच्या दिवशी इथली गर्दी पाहिली की ‘लोकसंख्येचा स्फोट’ हे शब्द कुणाच्याही तोंडी सहज येतात. दुष्काळ, बेकारी, पाणीटंचाई, वाटण्या होत होत तुकडा उरलेली जमीन, सगळ्याचं खापर या स्फोटावर फुटतं. पण लोकसंख्येचं गणित बाजारात मांडलं जात नाही. ते ठरतं पाळण्यात, लग्नाच्या वयात आणि गावातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर. या तिन्ही ठिकाणी नीट पाहिलं तर बीड जिल्ह्याचं दुखणं माणसं फार झाल्याचं नाही. मुली कमी आहेत, त्यांची लग्नं लवकर होतात आणि कमावती माणसं वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर असतात, हे खरं दुखणं आहे.

गैरसमज पहिला : लोकसंख्येचा स्फोट अजून चालूच आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, 1992-93 साली, महाराष्ट्रातल्या एका स्त्रीला आयुष्यात सरासरी 2.9 मुलं होत होती. 2019-21 च्या पाचव्या फेरीत हा आकडा 1.7 वर आला. एक पिढी जाऊन तिच्या जागी तेवढीच दुसरी पिढी यायला सरासरी 2.1 मुलं लागतात. म्हणजे महाराष्ट्र ती पातळी केव्हाच ओलांडून खाली उतरला आहे आणि देशाची सरासरीही 2.0 झाली आहे. यावर लगेच प्रश्न येतो की मग माणसं वाढतात कशी? बीड जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 21 लाख 61 हजार होती, ती 2011 मध्ये 25 लाख 85 हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ 20 टक्के वाढ. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मागच्या पिढीत आहे. पाच-सहा भावंडांच्या घरात जन्मलेली मोठी पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. तिने दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं तरी आईबापच संख्येने जास्त असल्यामुळे जन्म बरेच होतात. उलट, म्हातारी पिढी मुळात लहान आणि पूर्वीपेक्षा जास्त जगणारी, त्यामुळे मृत्यू कमी होतात. ही वाढ मागच्या पिढीची उधारी आहे. आजच्या जोडप्यांनी आणखी कमी मुलं होऊ दिल्याने ती लगेच फिटत नाही, ती मोठी पिढी वयाने पुढे सरकली की आपोआप ओसरते.

गर्दीमुळेच गरिबी आली, हेही आकड्यांत बसत नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 242 माणसं होती. कोल्हापूर जिल्ह्यात 504 होती आणि राज्याची सरासरी 365. तरीही ऊसतोडीच्या दर हंगामात मजूर जातात ते बीडकडून कोल्हापूर-सांगलीकडे. दाट वस्तीचा जिल्हा विरळ वस्तीच्या जिल्ह्यातून माणसं बोलावतो, कारण तिथे पाणी आहे, ऊस आहे, कारखाने आहेत. पर्जन्यछायेतल्या बालाघाटावर यातलं फार थोडं आहे. एकराला माणसं किती, यापेक्षा एकराला पाणी किती, हा इथला खरा हिशेब आहे.

गैरसमज दुसरा : ठरावीक समाजच मुलं वाढवतात

नेकनूरसारख्या हिंदू-मुस्लिम वस्तीच्या गावात हा गैरसमज निवडणुकीच्या तोंडावर हमखास डोकं वर काढतो. वस्तुस्थिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच आहे. 1992-93 मध्ये देशातल्या मुस्लिम स्त्रीचा सरासरी जननदर 4.4 होता आणि हिंदू स्त्रीचा 3.3. 2019-21 मध्ये ते अनुक्रमे 2.4 आणि 1.9 झाले. दोन्ही घसरले, मुस्लिमांचा अधिक वेगाने घसरला आणि दोहोंतलं अंतर निम्म्याहून कमी उरलं. तरीही फरक आहेच ना, असं कुणी म्हणेल. आहे, पण बिहारमधल्या हिंदू स्त्रीचा जननदर केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा जास्त आहे, हेही मग लक्षात घ्यावं लागतं. फरक धर्माने पडत असता तर तो सगळीकडे सारखाच दिसला असता. मुलगी किती वर्षं शाळेत राहिली, तिचं लग्न कधी झालं, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री किती आणि दवाखाना किती लांब, यांवर तो ठरतो.

गैरसमज तिसरा : कडक कायदा केला की प्रश्न मिटेल

महाराष्ट्राने हा रस्ता कुणाच्याही आधी चोखाळून पाहिला आहे. आणीबाणीत, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. त्यानंतरच्या दशकांत राज्याचा जननदर अशा सक्तीशिवायच उतरत गेला. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेल्याला ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद लढवता येत नाही आणि सरकारी नोकरीसाठीही 2005 पासून लहान कुटुंबाचा नियम आहे. पण असा कोणताही नियम नसताना केरळ 1980 च्या दशकाअखेरीस दोन मुलांवर आलं होतं. आंध्र प्रदेशाने तर स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट 2024 मध्ये रद्द केली, कारण तिथे आता म्हाताऱ्यांच्या वाढत्या संख्येची चिंता आहे. चीनने एका मुलाची सक्ती 35 वर्षं चालवली आणि 2022 पासून त्या देशाची लोकसंख्या घटू लागली. मुलं होऊ न देण्याची सक्ती करता येते, मुलं होऊ देण्याची करता येत नाही.

सक्तीचा दुसरा परिणाम अधिक वाईट आहे. दोनच मुलं हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच, अशा दोन अटी एकत्र आल्या की मुलीचा बळी जातो. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे 2001 मध्ये 894 मुली होत्या. 2011 मध्ये 807 उरल्या. राज्यातला हा सर्वांत खालचा आकडा होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 पासून असूनही हे घडलं आणि 2012 मध्ये परळीतल्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणाने ते देशभर गाजलं. ज्या जिल्ह्यात पाळणे कमी करण्याचा उपदेश झाला, तिथे ते कमी करताना मुलींचेच पाळणे आधी काढले गेले.

गैरसमज चौथा : मुली कमी झाल्या की त्यांचा मान वाढेल

हे बाजाराचं गणित आहे आणि मुलगी बाजारात उभी नसते. मुली कमी झाल्यावर लग्न न जमणाऱ्या मुलांच्या तक्रारी वाढल्या हे खरं, पण त्यामुळे मुलींची लग्नं लांबली नाहीत. 2019-21 च्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित मिळून सर्व स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होतं. याचं मोठं कारण ऊसतोडीत आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. म्हणून टोळी निघण्याआधी पोराचं लग्न उरकलं जातं. दुसऱ्या बाजूला, दसऱ्या-दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर गेले की वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. त्याचं उत्तरही लग्नच ठरतं.

पुढचा क्रम ठरलेला असतो. विशीच्या आत दोन लेकरं, मग कुटुंबकल्याणाचं ऑपरेशन, आणि तिशीच्या आसपास काही जणींची ‘पिशवी काढली’ जाते. पाळी आली म्हणून एक दिवसाचा खाडा परवडत नाही आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत ना संडास ना पाण्याची सोय. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजार 309 ऊसतोड महिलांपैकी 13 हजार 861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. जननदर उतरला म्हणजे स्त्री सुटली, असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा त्यांचा आग्रह मुलं किती असावीत हे बाईला ठरवता यावं, असा होता. बीडमध्ये मुलं कमी झाली, पण ठरवणारी बाई अजून झाली नाही.

म्हणून इथे लोकसंख्येचं धोरण म्हणजे मुलीला बारावीपर्यंत शिकता येणं, हंगामात मागे राहणाऱ्या मुलांची हंगामी वसतिगृहं वेळेवर उघडणं, सोनोग्राफी केंद्रांची खरी तपासणी होणं आणि नांगराखालच्या जमिनीला पाणी मिळणं. या प्रत्येक गोष्टीसाठी आधी माणसं कागदावर असावी लागतात, आणि मेख तिथेच आहे. 2011 च्या जनगणनेची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. नियम असा आहे की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याला त्या घरात धरायचं नाही; तो जिथे असेल तिथे मोजायचं. बीडचे लाखो मजूर तेव्हा परजिल्ह्यांत आणि कर्नाटकात कोप्यांत होते. 2021 ची जनगणना झालीच नाही आणि आता ठरलेली मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. पुन्हा तोच हंगाम, पुन्हा रिकामी घरं. तेव्हा नेकनूर आणि आसपासच्या गावांनी एक काम जरूर करावं. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याला सांगून ठेवावं की फेब्रुवारीत कारखान्यावर जनगणनेचा माणूस आला नाही तर मुकादमाला आणि कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला विचारा, आणि बरोबरच्या लहान मुलींसकट सगळ्यांची नावं लिहूनच घ्या.